पांढरा पट्टा, काळा टायर आणि खोटेपणाचा आरोप

अमेरिकेत जुन्या मोटारी छंद म्हणून जपणारे लोक टायरच्या दर्शनी बाजूवर, म्हणजे साइडवॉलवर, बरेच कष्ट घेतात. कोणी रुंद पांढऱ्या पट्ट्याचे टायर शोधून बसवतो, कोणाला बारीक लाल रेघ हवी असते. कोणी साच्यातून उठून आलेली कंपनीच्या नावाची काळी अक्षरे पांढऱ्या पेंट पेनने एकेक करून भरतो, तर कोणी रबराची तयार अक्षरे आणून चिकटवतो. हे करणाऱ्यावरचे आरोपही ठरलेले आहेत. एक म्हणतो, टायर काळाच असतो, पांढरा रंग हा त्यावरचा मुखवटा आहे. दुसरा म्हणतो, ही गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा तिच्यावर असे टायर नव्हते, म्हणून हे खोटे. तिसरा अधिक गंभीर आहे. चिखलात लोळणाऱ्या, झिजून फेकून द्यायच्या वस्तूवर माणसाने आपला वेळ आणि मन खर्च करावे का, असे तो विचारतो. विषय किरकोळ वाटेल, पण वस्तूचे खरे रूप कोणते, आणि सजवल्याने ते झाकले जाते की नाही, हा जुना प्रश्न इथे इतका नेमका उभा राहतो की त्याला बगल देऊ नये. माझे म्हणणे असे की सजावट ही केवळ सजावट आहे म्हणून खोटी ठरत नाही. वस्तू आपल्याविषयी जी साक्ष देते ती साक्ष सजावटीने बदलली किंवा दडपली, तरच ती खोटी ठरते.

पहिला आरोप इतिहासापुढे टिकत नाही. रबराचा चीक दुधासारखा पांढरा असतो आणि वाळल्यावर पिवळसर तपकिरी होतो. सुरुवातीच्या टायरांत झिंक ऑक्साइड मिसळत, त्यामुळे ते पांढरट दिसत. मिशलिन कंपनीचा टायरांच्या चकत्यांचा तो गुबगुबीत माणूस 1898 साली जन्मला आणि आजही पांढरा आहे, कारण त्या वेळी टायरच तशा फिकट रंगाचे होते. लंडनच्या सिल्व्हरटाउन भागातल्या रबर कारखान्यात 1904 च्या सुमारास लक्षात आले की रबरात बारीक काजळी, म्हणजे कार्बन ब्लॅक, मिसळली तर ते कितीतरी चिवट होते आणि कमी झिजते. पुढच्या दशकात अमेरिकेत गुडरिच कंपनीने ही पद्धत उचलली. तिला काजळी पुरवणारी बिनी अँड स्मिथ ही कंपनी 1903 पासून मुलांसाठी क्रेयोलाचे रंगीत खडूही बनवत होती. काही काळ काजळी फक्त रस्त्याला टेकणाऱ्या भागात घालत आणि बाजू पांढऱ्याच राहत. म्हणजे पांढरी साइडवॉल आधीची आणि संपूर्ण काळा टायर नंतरचा. इतकेच नव्हे, तो काळा टायर नवा होता तेव्हा तोच डौलदार आणि महागडा मानला जाई, कारण पांढऱ्याइतका मळलेला दिसत नसे. दोन-तीन दशकांत मान उलटा फिरला आणि पांढरा पट्टा श्रीमंतीची खूण झाला. ज्या वस्तूचा रंग तिच्यात काय मिसळले यावरून ठरतो, तिच्या बाबतीत एका रंगाला निसर्ग आणि दुसऱ्याला मुखवटा म्हणण्याला आधार उरत नाही. काळा रंग हाही माणसाने घातलेलाच आहे. त्याला उपयोगाचे कारण आहे हे खरे, पण उपयोग आणि सत्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

यावर कोणी म्हणेल, ठीक आहे, पण जो पांढरा रंग टायरच्या अंगातच आहे तो खरा आणि जो वरून फासला तो खोटा. हा आक्षेप वजनदार आहे, म्हणून पांढऱ्या पट्ट्याचा टायर कसा होतो ते जवळून पाहावे लागेल. टायर बांधताना बाजूच्या काळ्या रबरात पांढऱ्या रबराची पट्टी बसवतात आणि तिच्यावर काळ्या रबराचा पातळ पापुद्रा चढवतात. साच्यात उष्णता आणि दाब देऊन टायर पक्का झाला की तो बाहेर येतो तो अख्खा काळा. मग त्याला फिरवत ठेवून तो पापुद्रा घासून काढतात आणि आतले पांढरे उघडे पडते. पांढरी अक्षरे असतील तर ती साच्यातच उठावदार केलेली असतात. घासणी फक्त त्या उंचवट्यांवरून फिरते, त्यामुळे अक्षर पांढरे होते आणि भोवतालचे काळे राहते. त्यावर निळसर संरक्षक लेप देतात. टायर गाडीवर चढला की गिऱ्हाइकाने तो लेप साबणपाण्याने धुऊन काढायचा असतो. या सगळ्यात पांढरे रबर नुसते रंगीत असून भागत नाही. टायरच्या काळ्या रबरात ओझोनपासून बचावासाठी घातलेली रसायने आणि मेण हळूहळू पृष्ठभागावर येत राहतात. जुन्या टायरवर दिसणारी तपकिरी झाक त्यांचीच असते. पांढऱ्या भागात हीच रसायने असती तर तो लवकरच पिवळा पडला असता, म्हणून तिथे डाग न पाडणारे वेगळे मिश्रण वापरावे लागते.

आता वरून रंगवणाऱ्याचे पाहा. त्याचा रंग त्याच तपकिरी द्रव्याशी झगडतो. टायर प्रत्येक फेऱ्यात दबतो आणि सैल होतो, त्यामुळे कडक रंग तडकतो, कोपऱ्यांवर सुटतो. कारखान्याचा पांढरा पट्टा वर्षानुवर्षे टिकतो, हाताने रंगवलेले अक्षर पुन्हा पुन्हा भरावे लागते. हा फरक टिकाऊपणाचा आहे. तो खरेखोटेपणाचा कसा झाला? इंग्रज विचारवंत जॉन रस्किन हा बांधकामातल्या फसवणुकीचा सर्वांत कडक टीकाकार. दगड नसलेल्या भिंतीवर दगडाचा भास रंगवणे त्याला पाप वाटे. पण त्याच रस्किनने 1849 च्या आपल्या ग्रंथात इमारतीवरच्या सोन्याच्या मुलाम्याला मोकळीक दिली आणि दागिन्यावरच्या मुलाम्याला दिली नाही. त्याची दृष्टी साफ होती: इमारतीचा कळस भरीव सोन्याचा आहे असे कोणी समजत नाही, दागिना मात्र सोन्याचा समजूनच घेतला जातो. फसवणूक व्हायला फसणारा माणूस लागतो. साइडवॉलवरची अक्षरे पांढऱ्या रंगाने भरली म्हणून कोणाची कोणती समजूत चुकते? टायर कोणत्या कंपनीचा आहे हे ती अक्षरे आधीही सांगत होती, आता ती दुरून वाचता येतात एवढेच.

मात्र रंग चांगला बसावा म्हणून काही लोक जहाल सॉल्व्हंटने टायरची बाजू खसाखसा पुसतात आणि त्या पुसण्यात टायरला जपणारे मेणही निघून जाते. इथे माझी सहानुभूती संपते. अकराव्या शतकातल्या काश्मिरी क्षेमेंद्राने औचित्य हा काव्याचा प्राण मानला. अलंकार योग्य जागी नसेल तर तो अलंकारच राहत नाही, हे त्याने शरीरावर भलत्या ठिकाणी घातलेल्या दागिन्यांचा दाखला देऊन सांगितले. ज्याला सजवायचे त्यालाच दुबळे करणारी सजावट ही त्याहून पुढची चूक आहे, आणि ती रंगाच्या माथी मारता येणार नाही. ती उतावळेपणाची आहे.

सजावटीवरचा सर्वांत धारदार हल्ला व्हिएन्नाच्या आडोल्फ लोसने विसाव्या शतकाच्या आरंभी केला. त्याचा मुद्दा सौंदर्याचा कमी आणि अपव्ययाचा अधिक होता: सजवलेली वस्तू झिजण्याआधीच जुनाट दिसू लागते, म्हणून ती टाकून दिली जाते आणि तिच्यावरचे श्रम वाया जातात. साइडवॉलचा इतिहास त्याच्या बाजूने साक्ष देतो हे मान्य केले पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियातले रबर जपानच्या ताब्यात गेले, जानेवारी 1942 पासून अमेरिकेत टायरांचे रेशनिंग सुरू झाले आणि पांढरे पट्टे दिसेनासे झाले. युद्ध संपल्यावर ते परतले, दोन-तीन इंच रुंद. 1962 च्या मॉडेलांपासून तेच रुंद पट्टे अचानक जुने ठरले आणि इंचभर किंवा त्याहून बारीक पट्टा आला. मग 1964 च्या पाँटियाक जीटीओसारख्या दणकट गाड्यांबरोबर लाल रेघ आली आणि 1970 च्या आसपास उठावदार पांढरी अक्षरे. दरवेळी बाजाराने कालच्या खुणेला आज शिळे ठरवले. लोसचा राग इथे रास्त आहे. पण तो राग लागू पडतो तो माल खपवण्यासाठी दरवर्षी सजावट बदलणाऱ्या कारखान्याला. छंदिष्ट माणूस नेमके उलटे करतो. बाजाराने साठ वर्षांपूर्वी टाकून दिलेली गाडी तो चालती ठेवतो आणि तिच्या काळाची खूण तिला परत देतो. त्याची सजावट वस्तूचे आयुष्य वाढवते, आणि लोसच्याच कसोटीवर ती अपव्यय ठरत नाही.

ज्या साक्षीची गोष्ट मी आरंभी केली ती कुठे असते? टायरवर ती शब्दशः लिहिलेली असते. घरातल्या फार थोड्या वस्तू आपल्या अंगावर इतके वाचनीय सत्य बाळगतात. आकार, किती भार पेलेल, किती वेगापर्यंत चालेल, आतली रचना रेडियल आहे की जुन्या आडव्यातिडव्या थरांची, कोणी बनवला, आणि कधी बनवला. 2000 सालापासून अमेरिकेतल्या टायरांवर तारखेचे चार अंक असतात. 2319 याचा अर्थ 2019 सालचा तेविसावा आठवडा. त्याआधी तीनच अंक असत, त्यामुळे दशक कोणते याचा घोळ होई. ही माहिती गाडीच्या मालकापुरती नसते. त्या गाडीत बसणारे मूल, समोरून येणारा स्कूटरवाला, उद्या ती गाडी विकत घेणारा अनोळखी माणूस, या सर्वांचा जीव त्या अक्षरांवर अवलंबून असतो.

ही कसोटी लावली की किती गोष्टी सुटसुटीत होतात पाहा. आज अमेरिकेत असे टायर बनतात जे बाहेरून 1950 च्या दशकातल्या जुन्या रचनेच्या टायरसारखे दिसतात, रुंद पांढऱ्या पट्ट्यासकट, पण आतून रेडियल असतात. शुद्धतावादी त्यांना ढोंगी म्हणतात. माझ्या मते ते प्रामाणिक आहेत, कारण त्यांच्या आकाराच्या आकड्यांत रेडियलचा ‘आर’ स्पष्ट छापलेला असतो. दिसायला जुने आणि धरायला नवे, हे ते लपवत नाहीत. जो वाचेल त्याला ते सांगतात. उलट एका कंपनीच्या टायरवर दुसऱ्या नामांकित कंपनीच्या नावाची अक्षरे चिकटवली, तर ती कितीही सुबक असोत, तो खोटेपणा आहे, कारण बनवणाऱ्याच्या जबाबदारीचा पत्ताच तिथे बदलला. आणि पांढरे एक अक्षरही न लावता, जुन्या, भेगा पडू लागलेल्या टायरला काळे पॉलिश चोपडून गाडी विकायला उभी करणे हा या सगळ्यांतला मोठा खोटेपणा आहे. तिथे मुखवट्याचा रंग टायरचाच काळा असतो, म्हणून डोळ्याला काहीच खटकत नाही.

दुसरा आरोप अस्सलपणाचा. काही स्पर्धांत गाडीवर तिच्या काळाच्या प्रकारचे टायर नसतील तर गुण कापतात. प्रदर्शनात उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी हा नियम समजण्यासारखा आहे, कारण तिथे गाडी ही इतिहासाचा पुरावा म्हणून मांडलेली असते. पण अस्सलपणाची हीच ओढ रस्त्यावर आली की घातक होते. मूळचेच टायर हवेत म्हणून कित्येक वर्षांचे टायर, वरची नक्षी शाबूत आहे एवढ्या भरवशावर, वेगात पळवले जातात. रबर वापरले नाही तरी म्हातारे होते. मिशलिनसारखे उत्पादकसुद्धा सांगतात की बनवल्यापासून दहा वर्षे झाली की टायर चांगला दिसत असला तरी बदला. नोव्हेंबर 2013 मध्ये कॅलिफोर्नियात अभिनेता पॉल वॉकर ज्या पोर्शच्या अपघातात गेला त्या अपघाताचे कारण तपासाने अतिवेग असे दिले. त्याचबरोबर गाडीचे टायर नऊ वर्षांचे होते आणि त्यामुळे गाडीवरचा ताबा कमी झाला असावा, याचीही नोंद केली. मूळ वस्तू म्हणून जपलेले रबर ज्या कामासाठी बनले ते काम करीनासे झाले असेल, तर त्याचा अस्सलपणा केवळ दिसण्यापुरता उरतो. नव्या टायरवर हाताने अक्षरे रंगवणारा माणूस अशा अस्सलपणाच्या भक्तापेक्षा सत्याच्या अधिक जवळ आहे.

तिसरा आरोप धर्माच्या अंगाने येतो आणि तो आपल्या परंपरेला थेट भिडतो. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात विषयाच्या चिंतनातून आसक्ती आणि आसक्तीतून पुढचा विनाश अशी साखळी दाखवली आहे. टायरच्या अक्षरावर तासभर डोळे लावून बसणे हे विषयाचे चिंतन नव्हे तर काय? ईशावास्य उपनिषदात सत्याच्या तोंडावर सोन्याचे झाकण असल्याची कल्पना आहे आणि ते बाजूला कर अशी प्रार्थना आहे. पण त्या प्रार्थनेकडे नीट पाहिले तर तिची तक्रार सोन्याबद्दल नाही, झाकण्याबद्दल आहे. ज्याने दर्शन अडते ते दूर व्हावे एवढेच मागितले आहे. आसक्तीचेही तसेच. आसक्ती वस्तूकडे लक्ष देण्यात नसते, वस्तू सोडता न येण्यात असते. आपल्याकडे पोळ्याला बैलाची शिंगे रंगवतात, त्यांना बेगड लावतात, अंगावर झूल घालतात, गोंडे बांधतात, आणि त्यानंतर तोच बैल चिखलात औताला जुंपला जातो. खंडेनवमीला हत्यारे-अवजारे पुजतात, दसऱ्याला गाडीला झेंडूची माळ घालून चाकाखाली लिंबू ठेवतात. रंग उडेल, माळ सुकेल, लिंबू चिरडेल हे करणाऱ्याला पुरते ठाऊक असते. राबणाऱ्या वस्तूला एका दिवसाचा मान देणे आणि दुसऱ्या दिवशी तिला पुन्हा कामाला लावणे, यात आसक्ती नाही, कृतज्ञता आहे. अमेरिकेतला छंदिष्ट कोणत्याही देवाचे नाव घेत नसेल आणि त्याच्या कृतीला पूजा म्हणणे हा त्याच्यावर अन्याय होईल. पण झिजणार हे माहीत असलेल्या गोष्टीवर मन लावून काम करणे हे विरक्तीच्या विरोधात जात नाही, एवढे आपल्या चालीरीती नक्कीच सांगतात. जो माणूस टायरची मुदत संपताच स्वतः रंगवलेली अक्षरे मुकाट्याने सोडून देतो, त्याला आसक्त म्हणता येत नाही. सोडवत नाही म्हणून जो मुदत संपलेला टायर चालवत राहतो, त्याला म्हणावे लागेल.

अजून एक आक्षेप उरतो आणि तो मला सर्वांत जास्त बोचतो. टायरच्या बाजूवर इतके सारे छापलेले असताना काय छापलेले नाही? त्या सुरुवातीच्या पांढऱ्या टायरांच्या काळात रबराचा काही वाटा बेल्जियमचा राजा लिओपोल्ड याच्या खाजगी मालकीच्या काँगोतून येई. ठरलेले रबर न आणणाऱ्यांचे तिथे काय होई हे रॉजर केसमेंटच्या 1904 च्या अहवालाने जगापुढे आणले: ओलीस धरलेल्या बायका, जाळलेली गावे, तोडलेले हात. ते टायर दिसायला शुभ्र होते. आज काळ्या टायरांना ओझोनपासून वाचवणारे सिक्स-पीपीडी हे रसायन झिजलेल्या रबराच्या कणांबरोबर रस्त्यावर पडते, ओझोनशी संयोग होऊन बदलते आणि पावसाच्या पाण्यातून ओढ्यात जाते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे कोहो सामन मासे अंडी घालायला येत आणि पावसानंतर मरून पडत. त्याचे कारण हेच द्रव्य असल्याचे 2020 च्या डिसेंबरात शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. या दोन्ही गोष्टी साइडवॉलवर कधी लिहिल्या गेल्या नाहीत. साक्षीची कसोटी लावायची तर ती इथेही लावली पाहिजे. मग दिसते की टायरचे खरे मौन पांढऱ्या रंगाखाली नाही, ते रबर कुठून आले आणि झिजून कुठे गेले यात आहे. नीतीची चाड असणाऱ्याने आपला राग तिकडे वळवावा. अक्षर रंगवणाऱ्याशी भांडण्यात तो खर्च करू नये.

ज्यांना हा छंद आहे त्यांना माझे एवढेच सांगणे आहे. पेंट पेन हातात घेण्याआधी टायरवर कोरलेले तारखेचे चार अंक शोधा. ते दर्शनी बाजूला नसतील तर गाडीखाली वाकून आतल्या बाजूला पाहा. टायर दहा वर्षांहून जुना असेल तर तो आधी बदला. नसेल तर बाजू सौम्य साबणाने धुवा, पूर्ण वाळू द्या, आणि कंपनीचे नाव हवे तितके ठसठशीत रंगवा. फक्त आकार, भार आणि तारीख यांच्यावर रंगाचा थेंबही पडू देऊ नका.